मयसभा आणि माजघर

मयसभेची गोष्ट आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? इंद्रप्रस्थात मयासुराने पांडवांना एक सभा बांधून दिली आणि दुर्योधन ती बघायला गेला. स्फटिकाची जमीन पाहून त्याला वाटलं पाणीच आहे, म्हणून त्याने वस्त्रं वर उचलली. पुढे खरोखरचं पाणी होतं, तिथे जमीन समजून पाऊल टाकलं आणि कपड्यांसकट पाण्यात पडला! 'आभासी वास्तव', म्हणजे इंग्रजीत ज्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, ते काय असतं असं कुणी विचारलं, की मी हीच गोष्ट सांगते. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखं एक यंत्र चढवायचं, की घरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या आपण समुद्राच्या तळाशी. मान वळवावी तिकडे मासे! नसलेलं दिसतं आणि समोर असलेलं दिसत नाही. तसं म्हटलं तर हल्ली नुसता मोबाईल हातात असला तरी आपली थोडीफार हीच गत होते. गॅसवरचं दूध उतू जातं आणि आपण कुठल्या तरी परक्या घरातलं लग्न बघत असतो.

पण या गोष्टीतली एक बाब फार थोड्यांच्या लक्षात येते. दुर्योधन पडला, द्रौपदी हसली आणि म्हणून महाभारत घडलं, असं आपण ऐकत आलो. महाभारतात तो प्रसंग जिथे घडतो, तिथे हसतात भीम आणि त्याचे भाऊ. द्रौपदीच्या हसण्याचा उल्लेख येतो तो नंतर, दुर्योधन वडिलांकडे तक्रार करतो तेव्हा. फसला तो, हसले सगळे, आणि बोल मात्र बाईला लागला! मैत्रिणींनो, हे जरा मनात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

हा सगळा विषय माझ्या डोक्यात शिरला तो भाचीमुळे. ती इंग्रजी वाङ्मय घेऊन एम.ए. करते आहे. कॉलेज जिल्ह्याच्या गावी, तिथून माझं घर जवळ, म्हणून शनिवार-रविवारचा मुक्काम माझ्याकडे. शेवटच्या वर्षाला त्यांना एक मोठा प्रबंध लिहून द्यावा लागतो. तिने विषय घेतला, 'आजच्या कादंबऱ्यांमधलं तंत्रज्ञान आणि आभासी जग'. तिचे वडील म्हणाले, "शेक्सपिअर-बिअर काही मिळाला नाही का?" मी मात्र खूश झाले.

मी स्वतः बी.ए., मराठी घेऊन. लग्नानंतर पुस्तकं सुटू दिली नाहीत, एवढीच माझी कमाई. विज्ञानकथा म्हटलं, की आमच्या पिढीसमोर एकच नाव येतं, जयंत नारळीकरांचं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी स्वतःचं नाव लपवून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हा किस्सा आम्हाला सरांनी वर्गात रंगवून सांगितला होता. पुढे १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' आलं. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. विज्ञान हे कथेचं निमित्त, गोष्ट माणसांचीच, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. भाचीची पुस्तकं परदेशातली. ती वाचायची आणि मी भाजी निवडत असले, की शेजारी बसून मला गोष्ट सांगायची. ऐकता ऐकता मला जाणवलं, की इथेही गोष्ट माणसांचीच आहे.

एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, या सगळ्या गोष्टी घराच्या आहेत बघ. आधी घरातली एक जागा रिकामी होते, मग तिथे यंत्र येऊन बसतं." तिच्या प्रबंधाचा गाभा हाच. तो समजावताना तिने सुरुवात केली ती एका जुन्या कथेपासून.

रे ब्रॅडबरी नावाचे अमेरिकन लेखक होऊन गेले. त्यांची 'द वेल्ट' ही कथा १९५० ची. म्हणजे अमेरिकेत टीव्ही नुकता घरोघरी शिरत होता तेव्हाची. जॉर्ज आणि लिडिया या नवरा-बायकोने तीस हजार डॉलर मोजून एक घर घेतलंय. ते घर स्वयंपाक करतं, कपडे चढवतं, अंघोळ घालतं, झोपवतं. मुलांसाठी एक खेळायची खोली आहे. मुलांच्या मनात जे येईल ते तिच्या भिंतींवर उमटतं, नुसतं चित्र नव्हे, वास आणि ऊनसुद्धा! आणि मुलांच्या मनात सारखं एकच येतं, आफ्रिकेतला माळ आणि तिथे काहीतरी खात बसलेले सिंह. आई-वडील घाबरतात. मानसोपचारतज्ज्ञ सांगतो, बंद करा ती खोली. मुलं रडतात, "एकदाच, शेवटचं!" आई विरघळते, खोली पुन्हा चालू होते, आणि मुलं आई-वडिलांनाच आत कोंडून घेतात. पुढचं सांगायला नको. तज्ज्ञ येतो तेव्हा मुलं शांतपणे बसून खात असतात आणि मुलगी त्याला विचारते, चहा घेणार का?

माझ्या अंगावर काटा आला. पण मला चटका लावून गेली ती लिडिया. ती नवऱ्याला म्हणते, की आता हे घरच बायको आहे, आई आहे, दाई आहे. मी कशाला उरले? पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या कथेतली ती बाई मला अगदी आपल्या गल्लीतली वाटली. मिक्सर आला, गॅस आला, वॉशिंग मशिन आलं. आपण त्यांना हळदीकुंकू वाहिलं, आणि योग्यच केलं. पाट्यावर वाटण वाटणाऱ्या आपल्या आईची कंबर कुणी बघितली नाहीये? प्रश्न वेगळा आहे. जो वेळ वाचला, तो कुणाला मिळाला? पोरांना मिळाला का? आपल्याला मिळाला का? की तिथे टीव्ही येऊन बसला आणि आता मोबाईल?

यानंतर भाचीने मला एका शब्दाचा जन्म सांगितला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये फेसबुक कंपनीने आपलं नाव बदलून 'मेटा' केलं, हे तुम्ही वाचलं असेल. ते नाव 'मेटाव्हर्स' या शब्दावरून घेतलं. हा शब्द कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालेला नाही, तो कादंबरीतून आला! नील स्टीफन्सन यांच्या १९९२ च्या 'स्नो क्रॅश'मधून. तिचा नायक प्रत्यक्षात पिझ्झा पोचवण्याचं काम करतो आणि सामान ठेवायच्या गोदामातल्या खोलीत राहतो. पण चष्मा चढवून आभासी जगात शिरला, की तिथे त्याचा थाट राजपुत्राचा. भाची म्हणाली, "कादंबरीकाराने ही गोष्ट धोक्याची सूचना म्हणून लिहिली आणि कंपन्यांनी ती बांधकामाचा नकाशा म्हणून वाचली." हे वाक्य मी तिला प्रबंधात घालायला लावलं.

त्याच वाटेवरची, पण आजच्या मुलांच्या जास्त ओळखीची कादंबरी म्हणजे अर्नेस्ट क्लाइन यांची 'रेडी प्लेअर वन'. आली २०११ मध्ये, आणि २०१८ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिच्यावर सिनेमा काढला. काळ २०४४-४५ चा. जगात इंधन संपत आलंय, बेकारी आहे. वेड नावाचा आई-वडील नसलेला मुलगा ओक्लाहोमा सिटीजवळच्या एका वस्तीत राहतो. तिथे चाकांवरची घरं एकावर एक रचून मजले केलेत. आपल्याकडे गवताच्या पेंढ्या रचतात ना, तशी. मावशीने त्याला ठेवून घेतलंय ते त्याच्या नावावर मिळणाऱ्या रेशनच्या कुपनांसाठी. (इथे भाचीने माझ्याकडे मिश्कीलपणे बघितलं!) घरात जागा नाही म्हणून हा पोरगा भंगार गाड्यांच्या ढिगात पुरलेल्या एका जुन्या व्हॅनमध्ये जाऊन बसतो, डोळ्यांवर यंत्र चढवतो आणि 'ओॲसिस' नावाच्या आभासी जगात शिरतो. त्याची शाळा तिथे, मित्र तिथे, आणि जिच्यावर जीव जडतो ती मुलगीही तिथे.

आता मला सांगा, हा मुलगा चष्मा काढून कुठे जाणार? 'ठेव तो मोबाईल' असं आपण म्हणतो, तेव्हा ठेवून त्याने काय करायचं, हे सांगतो का? भाचीचा मुद्दा हा होता. २०२० च्या मार्चनंतर शाळाच मोबाईलमध्ये गेली, हेही ती विसरू देत नाही. ज्या घरात एकच मोबाईल होता तिथे तो भावाच्या वर्गासाठी राहिला आणि बहिणीचा वर्ग बुडाला, अशी घरं तिने बघितलेली आहेत. मीही बघितली आहेत.

या कादंबरीत वेडचा एक जिवलग मित्र आहे, एच नावाचा. गोरा, देखणा, उंच मुलगा. वर्षानुवर्षं दोघं आभासी जगात एकत्र खेळलेत, भांडलेत. प्रत्यक्षात कधी भेटले नाहीत. शेवटी भेट होते तेव्हा कळतं, की एच मुलगा नाहीच. ती हेलन नावाची कृष्णवर्णीय मुलगी आहे! तिच्या आईने ओॲसिसमध्ये गोऱ्या पुरुषाचं रूप घेऊन नोकरी केली, कारण त्या रूपाला मिळणारी वागणूक आणि संधी तिला तिच्या स्वतःच्या रूपात मिळत नव्हती. मुलीलाही तिने तेच रूप घ्यायला लावलं. आणि पुढे आपल्या मुलीला मुली आवडतात हे कळल्यावर त्याच आईने तिला घराबाहेर काढलं. मुखवटा दिला आईने, आणि चेहरा बघायची वेळ आली तेव्हा दार लावलं तेही आईनेच.

वेडचा जीव जिच्यावर जडतो, त्या सामंथाच्या अर्ध्या चेहऱ्यावर जन्मखूण आहे. म्हणून तीही आपला खरा चेहरा दाखवायला तयार नसते. भाची म्हणाली, "मावशी, सगळे म्हणतात मुलींनी इंटरनेटवर जपून राहावं. या कादंबरीत मुली इंटरनेटवर गेल्या त्या बाहेरच्या जगापासून जपण्यासाठी."

हे सगळं आमच्या दोघींतच राहिलं असतं. पण झालं असं, की आमच्या महिला मंडळात दर महिन्याला एक व्याख्यान असतं. यावेळी बायकांनी विषय सुचवला, 'मोबाईलच्या विळख्यातून मुलांना कसं सोडवायचं?' वक्ते म्हणून डॉक्टर, मुख्याध्यापक अशी नेहमीची नावं निघाली. मी म्हटलं, यावेळी एका विद्यार्थिनीलाच बोलू द्या. थोडी कुरकुर झाली, पण ठरलं.

भाचीने व्याख्यान दिलंच नाही. वर लिहिल्या त्या गोष्टी सांगितल्या, मराठीत, हातवारे करून. चाळीसेक बायका होत्या. सिंहांच्या गोष्टीला सभागृह चिडीचूप. एचच्या गोष्टीला मात्र गलका झाला. एक काकू म्हणाल्या, "अगं पण हे खोटंच ना शेवटी? बाईने पुरुषाचं रूप घेऊन फसवलं की सगळ्यांना!" दुसरी म्हणाली, "मग काय करणार? अर्ज करताना आपणसुद्धा 'मिस्टरांचा नंबर' देतोच की!" हशा पिकला. मोबाईल काढून घ्या, असा निष्कर्ष ऐकायला आलेल्या बायका जरा गोंधळूनच घरी गेल्या.

एक जण मात्र मागे थांबली. सगळ्या गेल्यावर तिने सांगितलं. मुलगी बारावीला. कुणीतरी तिचा चेहरा उचलून एका घाणेरड्या फोटोवर चिकटवला आणि तो फोटो मुलांच्या ग्रुपवर फिरला. वडिलांना कळलं. त्यांनी मुलीचा मोबाईल फोडला आणि कॉलेज बंद केलं. परीक्षा चार महिन्यांवर. घरात स्थळं बघायची भाषा सुरू झाली होती. "मोबाईल नसता तर हे झालंच नसतं, असं ते म्हणतात हो ताई."

भाचीने एकच प्रश्न विचारला, "काकू, चेहरा कुठल्या फोटोतून घेतला?"

कॉलेजच्या गॅदरिंगमधला फोटो होता. दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाईलने काढलेला. म्हणजे मुलीचा मोबाईल यात कुठेच नव्हता! तरीही फुटला तो तिचा मोबाईल, आणि बंद झालं ते तिचं कॉलेज. म्हटलं ना, मयसभेतलं ते मनात ठेवा म्हणून. फसवणारा कुणी तिसराच, हसणारे सगळे, आणि बोल मुलीला.

असे बनावट फोटो आणि व्हिडीओ करणं आता किती सोपं झालंय, ते २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सगळ्या देशाने बघितलं. अभिनेत्री रश्मिका मंदानाचा असाच एक व्हिडीओ फिरला. शरीर दुसऱ्याच एका तरुणीचं आणि चेहरा रश्मिकाचा. 'डीपफेक' हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. एवढ्या प्रसिद्ध बाईलाही हे चुकलं नाही, तर मोबाईल न वापरणाऱ्या खेड्यातल्या मुलीला चुकेल कसं? जिचा एक फोटो जगात आहे, तिचा चेहरा उचलता येतो. आणि शाळेच्या ओळखपत्रापासून लग्नाच्या अल्बमपर्यंत आपल्या प्रत्येकीचा एक तरी फोटो कुठे ना कुठे आहेच.

दुसऱ्या दिवशी मी आणि त्या बाई त्यांच्या घरी बसलो. वडील आधी माझ्याशी बोलेनात. वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस. मी त्यांना गॅदरिंगच्या फोटोचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिने काहीच केलेलं नाही?" त्या मुलीला हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती.

पुढे रीतसर तक्रार केली. तुम्हालाही माहीत असावं म्हणून सांगते. १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, आणि तिथे नाव न देताही माहिती कळवता येते. तक्रारीआधी तो फोटो, ज्या नंबरवरून आला तो नंबर, तारीख-वेळ, हे सगळं जपून ठेवायचं. घाबरून पुसून टाकलं, तर पुरावाच जातो. आणि जे आलंय ते पुढे कुणालाही पाठवायचं नाही, 'बघ गं हे काय' म्हणूनसुद्धा नाही.

ती मुलगी परीक्षेला बसली. पास झाली. तक्रारीचं काम अजून चालू आहे, ते सावकाशच चालतं. मंडळातल्या दोघी-तिघींनी पाळीपाळीने तिला कॉलेजपर्यंत सोबत केली, कारण पहिल्या आठवड्यात तिची पावलंच उचलत नव्हती.

भाचीशी माझं सगळंच पटतं असं मात्र नाही. तिचं म्हणणं, आभासी जगातली मैत्रीही खरीच असते. असेलही. पण एच चांगली निघाली म्हणून गोष्ट गोड झाली. मुखवट्यामागे कोण निघेल याचा भरवसा काय? मुखवटा जसा हेलनला मिळतो, तसा तो घाणेरडा फोटो करणाऱ्यालाही मिळतोच की. माझ्या मते मुलींना दार उघडं हवं, आणि दाराला कडीही हवी. फक्त कडी आतून, तिच्या हातात. भाची म्हणते, "हे मात्र बरोबर बोललीस."

दुसरं म्हणजे, त्या सिनेमाच्या शेवटी वेड ठरवतो, की ओॲसिस मंगळवारी आणि गुरुवारी बंद ठेवायचं. हे ऐकून आमच्या आजेसासूबाईंची आठवण झाली; त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "म्हणजे उपासच की!" मला ही युक्ती पटली. भाचीला फारशी नाही. तिचं उत्तर, "उपास बायकांनीच करायचा नसेल, तर चालेल." आता आमच्याकडे रविवारी दुपारी दोन तास घरातले सगळेच मोबाईल कपाटात जातात, यजमानांचासुद्धा. सुरुवातीला घर सुनं वाटलं. मग यजमानांनी अडगळीतून कॅरम काढला.

राहिली ती शेवटची कादंबरी, मला सगळ्यांत आवडलेली. 'क्लारा अँड द सन'. लेखक काझुओ इशिगुरो. जन्म जपानमधल्या नागासाकीचा, वाढले इंग्लंडमध्ये, २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही कादंबरी २०२१ ची. गोष्ट सांगते ती क्लारा. ती यंत्र आहे, मुलांना सोबत म्हणून दुकानात विकायला ठेवलेली यंत्रमैत्रीण. उन्हावर चालते, म्हणून सूर्य तिचा देव. जोसी नावाची आजारी मुलगी तिला घरी नेते. मुलं पुढे जावीत म्हणून त्या जगात त्यांच्या शरीरात जन्मजात गुणच बदलणारे उपचार करतात; जोसीचं आजारपण त्यातूनच आलंय. तिची मोठी बहीण आधीच गेली आहे. स्पर्धेत आपलं मूल मागे पडू नये म्हणून जिवावरची जोखीम घेणारी ती आई! क्लासच्या फीसाठी बांगड्या मोडणाऱ्या आया आपल्या ओळखीच्या आहेत, त्यामुळे तिचा राग येत नाही, पोटात कालवतं.

गंमत बघा. त्या घरात सोबतीला यंत्र आहे, पण स्वयंपाकपाणी करायला बाईच आहे, मेलानिया नावाची. भविष्यातल्या घरातही माजघरात बाईच! हे भाचीच्या नजरेतून सुटलं होतं, मी दाखवलं. तिने प्रबंधात त्यावर एक पानभर लिहिलं.

आईने मनात एक भयंकर बेत आखलाय. जोसी गेलीच, तर तिच्यासारखी हुबेहूब बाहुली करायची आणि क्लाराने तिच्यात शिरून जोसी म्हणून जगायचं. ती घडवणारा माणूस आईला पटवून देतो, की माणसाच्या आत नक्कल करता येणार नाही असं काही नसतंच. क्लारा बोलणं शिकते, चालणं शिकते. पण ती मनोमन सूर्याला नवस बोलते, जोसीला बरं कर. स्वतःच्या शरीरातलं द्रव्यही ती त्यासाठी देऊन टाकते. जोसी बरी होते, मोठी होते, शिकायला निघून जाते. क्लारा शेवटी भंगाराच्या मैदानात एका जागी बसून असते. तिथे ती जे सांगते, ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणते, जोसीची नक्कल मला जमली नसती. जोसीत जे खास होतं, ते तिच्या आत नव्हतंच. तिच्यावर माया करणाऱ्या माणसांच्या आत होतं.

मैत्रिणींनो, आपल्या मुलींच्या चेहऱ्याची नक्कल आता कुणीही करू शकतं. उद्या आवाजाचीही करतील, चालण्याचीही. ते थांबवणं आपल्या हाती नाही. पण असा एखादा फोटो दारात येईल, तेव्हा 'ही माझी मुलगी नाही, माझी मुलगी मला ठाऊक आहे' असं म्हणणारी आई, तसा बाप घरात असणं, हे तर आपल्या हाती आहे ना? त्या बारावीच्या मुलीला चार महिन्यांत सगळ्यांत मोठा धक्का फोटोचा बसला नव्हता. घरातल्यांनी फोटोवर विश्वास ठेवला, त्याचा बसला होता. तिनेच हे मला सांगितलं.

आणि मुलगी ठाऊक असायची तर तिच्याशी बोलायला हवं, 'जेवलीस का' आणि 'अभ्यास झाला का' याच्या पलीकडचं. ती काय बघते, काय वाचते, कुणाशी गप्पा मारते, कशाला घाबरते? चौकशी म्हणून नको, गोष्ट म्हणून विचारा. तिने बघितलेल्या सिनेमाची गोष्ट सांगायला लावा. पोरी मनातलं गोष्टीच्या आडून सांगतात, हे एवढ्या महिन्यांत मी भाचीकडून शिकले. आमच्या मंडळाने आता महिन्यातलं एक व्याख्यान कमी करून त्या दिवशी मुलींना गोष्ट सांगायला बोलवायचं ठरवलंय. पहिल्या दिवशी कोण सांगणार, म्हणून विचारलं, तर त्या बारावीच्या मुलीनेच हात वर केला. कुठली गोष्ट सांगणार, ते मात्र तिने अजून कुणाला कळू दिलेलं नाही.